गाडी गेली, भोंगा राहिला

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ओटीवर वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की साल सैल होतं, मग चिमटीत धरून दाबायचं, डाळिंबी टुणकन बाहेर. हे काम आमच्या घरी पहिल्यापासून दोघांचं. माझी बोटं आता जाड झालीत. दाबली की डाळिंबी परातीत पडायची सोडून अंगणात जायची आणि कोंबड्या ती गट्ट करायच्या. येसू म्हणाली, "अवो, बिरडं आपल्याला हाय का कोंबड्यांना?" मी म्हणालो, "तू तुझं बघ. सालं परातीत टाकतेस आनि डाळिंब्या सालात." तिला मोतीबिंदू झाला होता, ऑपरेशनचं नाव काढू द्यायची नाही. हसली. मग बिरडं शिजवलं, आणि मी मागच्या पेरूखाली बसलोय हे माहीत असूनसुद्धा ओटीवर येऊन खांबावरचा भोंगा वाजवला. एकदाच. एकदा वाजला की जेवायला यायचं. जेवलो. दुपारी ती ओटीवरच सतरंजी टाकून, हाताची उशी करून आडवी झाली. चहाच्या वेळेला मी हाक मारली, मग जवळ जाऊन हलवली... उठली नाही.

बिरडं अर्धं पातेल्यात राहिलं होतं. घरात मयत झालं की शिजलेलं अन्न ठेवत नाहीत. कुणीतरी ते पातेलं उचलून मागं नेलं आणि उकिरड्यावर उपडं केलं. माणसं जमली होती, मुलगा पनवेलहून यायचा होता, लेक रडत होती, आणि मी त्या पातेल्याकडे बघत होतो.

याला आता दोन महिने होत आले. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात, आणि मी चांगलंच लिहायला बसलो होतो. येसू कशी कष्टाळू, कशी मायाळू, सगळं खरंच आहे. पण मध्यंतरी एक गोष्ट कळली. आता मला ते गोडगोड लिहिता येत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, आडवळणानं बोलायची मला सवय नाही. तेव्हा सरळच सांगतो. ज्या मोटारीपायी मी माझ्या सख्ख्या भावाशी त्याच्या मरणापर्यंत बोललो नाही, त्या मोटारीची ही हकीकत आहे. आणि माझ्या बायकोची.

हो, मोटार. सतरा वर्षांचा असताना माझ्या मालकीची मोटार होती. आजची पोरं ऐकून हसतात. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. आमचं गाव कुंभिवलीच्या अलीकडचं, आणि खोपोलीच्या बाजूला मुंबईच्या एका शेटचा बंगला होता, तिथं माझा बाप माळी होता. पेट्रोल कुपनावर मिळायला लागलं तशी शेटची जुनी मोटार शेडमध्ये उभी राहिली ती उभीच राहिली. शेट वारले. चाकं बसली, टपाला भोकं पडली, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. शेटीणबाई बंगला बंद करून निघाल्या तेव्हा मी शेडपाशी उभा होतो. रोज ती गाडी पुसायचो म्हणून त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "तुला आवडते ना? मग घेऊन जा ते धूड. जागा अडवून बसलंय." मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी रीतसर कागद करून माझं नाव घातलं आणि निघून गेल्या. माझ्या बापानं कपाळाला हात लावला, कारण धूड न्यायचं कसं?

नेलं माझ्या दादानं. पांडू त्याचं नाव, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यानं आपले बैल सोडले, गाडीच्या पुढच्या दांड्याला दोर बांधला आणि मला आत बसवून स्टेरिंग धरायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझी मोटार चालवली ती अशी, बैल पुढं आणि एक खुडुक कोंबडी मागच्या सीटवर. वाटेत लोक दारात येऊन बघायचे. एकानं विचारलं, "काय रं पांड्या, मोटार बैलावर चालते व्हय?" दादा न थांबता म्हणाला, "पेट्रोलला कुपन लागतं. बैलाला नाय लागत." पण घरी आल्यावर गोठ्यातली अर्धी जागा गाडीला द्यावी लागली तेव्हा तो खराखुरा चिडला. "गनू, ह्यो रेडा दूध देनार नाय, शेण देनार नाय. उद्याच्याला मी एखादा बैल घेतला तर बांधू कुठं?" सगळ्या आळीसमोर म्हणाला, "एक दिवस ह्यो खटारा फुकून बैल आनतो का नाय बघ!" हे त्याचं वाक्य मी पुढं पन्नास वर्षं त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून जपून ठेवलं.

त्या वेळी रस्त्यावर कोळशावर चालणाऱ्या, उतारू नेणाऱ्या सर्विस गाड्या होत्या. मागं एक मोठा पिंप, त्यात लोणारी कोळसा पेटवायचा, त्याचा धूर गाळून नळीनं इंजिनात घ्यायचा, की त्यावर इंजिन चालायचं. मी खोपोलीला तासन्‌तास उभा राहून ते बघायचो. आमच्या गावच्या लोहाराला बरोबर नेऊन दाखवलं. दोघांनी मिळून एका डांबराच्या पिंपाचं तसलंच काहीतरी बनवलं. पहिल्यांदा पेटवलं तेव्हा लोहाराच्या भुवया जळाल्या. दुसऱ्यांदा नुसताच धूर, गाव खोकत बसलं. तिसऱ्यांदा इंजिन धरलं. मला अजून तो आवाज आठवतो, आधी खोकल्यासारखा, मग फटफट फटफट लागून राहिला. बाप तेव्हा आजारी होता, त्याला ओटीवर आणून दाखवली. त्या पावसाळ्यात तो गेला. घराचा कर्ता दादा झाला.

गाडीला एक पितळी भोंगा होता, मागं रबरी फुगा असलेला. गाडी चढावर नाहीतर चिखलात अडली की मी तो दोनदा दाबायचो. दोनदा म्हणजे दादाला हाक. शेतात असेल, गोठ्यात असेल, तिथून ओरडायचा, "आलो रं, आलो!" आणि येऊन ढकलायचा. तोंडानं शिव्या चालू, खांदा गाडीला. हँडलला मात्र त्यानं कधी हात लावला नाही. म्हणायचा, "ते तुझं काम. ह्या जनावराची लाथ कोन खाईल?" खरंच होतं ते. पुढं हँडल घालून फिरवलं की कधी कधी इंजिन उलटी लाथ मारायचं, मनगट मोडायचं. आमच्या गाडीची तर वेगळीच तऱ्हा. हँडल आधी अर्धा फेरा उलटं सोडायचं, तिथं दम खायचा, मग एकदम वर ओढायचं. हे अख्ख्या गावात दोघांनाच जमायचं. एक मी. दुसरी कोण ते सांगतो.

कोळसा आणायला मी कर्जतच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याच्या एका गावी जायचो. तिथून ठाकुरवाडीकडे चढणाऱ्या आगगाडीची शिटी ऐकू यायची. तिथं एका कोळशाच्या व्यापाऱ्याच्या भट्ट्या होत्या आणि त्याची मुलगी दाभण-सुतळी घेऊन पोत्यांची तोंडं शिवायला बसायची. पहिल्याच खेपेला माझी गाडी तिच्या दारात बंद पडली. मी हँडल मारून मारून घामाघूम. ती दाभण थांबवून म्हणाली, "मोटारवालं, पोतं मोटारीत घालू का मोटार पोत्यात?" तीच येसू. घरी येऊन मी काही बोललो नाही, पण दर आठवड्याला कोळसा कसा संपतो हे दादाच्या ध्यानात आलं. तोच जाऊन मागणी घालून आला. सासऱ्यानं लेकीबरोबर कोळशाची पोती दिली. गावात तिला बरेच दिवस "कोळशाची सून" म्हणायचे, आणि ती म्हणायची, "मंग? सोन्याची आनली असती तर मोटार कशावर चालली असती?"

नवरी मी मोटारीतनं आणली. वाटेत ओढ्यात गाडी अडकली. मुंडावळ्या बांधलेला नवरा, तोंडाला काजळी, दोनदा भोंगा दाबतोय, आणि मागच्या बैलगाडीतनं दादा उडी मारून नवं धोतर वर खोचत पळत येतोय, "आलो रं, आलो!" येसू पदराआड हसत होती. गुडघाभर पाण्यात उभा राहून दादानं आम्हा दोघांना ढकलून बाहेर काढलं. लग्नाचं नवं धोतर चिखलानं भरलं. मला माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला दिवस कुठला विचारलात तर तोच.

नवी सून घरात दबून असते. येसू दबायची, पण गोठ्यात आली की नाही. पिंपातला विस्तव पेटवायला हातानं फिरवायचा एक पंखा होता, तो ती फिरवायची. खैराचा कोळसा कुठला आणि ऐनाचा कुठला हे हातात घेऊन सांगायची. एक दिवस म्हणाली, "हँडल मी मारू?" मी इकडंतिकडं बघितलं. वैनी पाण्याला गेली होती. मी तिला शिकवलं. "अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेव. मुठीत धरलास तर लाथ बसली की अंगठा मोडंल." तिनं पदर खोचला, अर्धा फेरा उलटा, दम, आणि ओढलं. दुसऱ्या दमाला गाडी चालू. ती आनंदानं एवढी मोठ्यानं ओरडली की मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि तिचं तोंड काळं झालं. ते आमचं दोघांचं गुपित होतं. बाईमाणसानं मोटार चालू केली म्हटल्यावर लोकांनी काय काय म्हटलं असतं.

एकदा आम्ही दोघं बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापर्यंत गेलो. घाट चढणारा प्रत्येक गाडीवाला तिथं थांबून पैसा टाकतो. कोळशाच्या धुरावर गाडीला जोर कमी, तिथपर्यंतच रडतखडत गेली, पुढं नाही. मी म्हणालो, "पुढच्या वेळी पार घाटावर. पुन्याला." येसूनं देवाला नारळ दिला, बराच वेळ हात जोडून उभी राहिली. काय मागितलंस विचारलं तर म्हणाली, "सांगितलं की देव देत नाय."

त्याच सुमाराला मला कळलं की पुण्याला लष्करात मोटार चालवणारांची भरती चाललीय. अठरा वर्षांचं रक्त, आणि खाकी कपडे घातलेली पोरं खोपोलीत बघितलेली. मी ठरवलं, जायचं. तेही स्वतःच्या मोटारीनं घाट चढून जायचं, म्हणजे साहेब बघतच राहील. दादाला सांगितलं असतं तर त्यानं पाय मोडले असते. मी फक्त येसूला सांगितलं, नदीवर, ती कपडे धूत होती. ती धुणं आपटत राहिली. मला वाटलं, खूश झाली.

घाटासाठी चांगली ट्यूब पाहिजे म्हणून मी पनवेलला गेलो. भोंग्याचा फुगा फाटला होता, तो बदलायला भोंगाही काढून बरोबर नेला. ट्यूब मिळेपर्यंत तिथं ओळखीच्याकडे राहिलो. परत आलो तर गोठ्यात गाडी नाही. गाडीच्या जागी एक तांबडा बैल बांधलेला.

मी दादाला विचारलं, गाडी कुठं आहे? तो बैलाला गवत घालत होता. म्हणाला, "गेली." कुठं गेली? "गेली म्हनजे गेली. गप बस." मी त्याच्या अंगावर धावून गेलो. वैनी मध्ये पडली. त्यानं मला मारलं नाही, ढकललं नाही, नुसता उभा राहिला. विकली नाही म्हणाला नाही, विकली असंही म्हणाला नाही. मी सगळ्या आळीला ओरडून सांगितलं, ह्या माणसानं बोलून दाखवलं तसं केलं, माझी मोटार फुकून बैल आणला. येसू चुलीपाशी बसली होती. चुलीत फुंकर घालत होती. तिच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं आणि मला वाटलं, धुराचं आहे नाहीतर माझ्यासाठी आहे.

गाडी नाही तर भरतीच्या साहेबाला काय दाखवू? माझं मनच मेलं. गेलो नाही. घर वाटून घेतलं, मध्ये कुंपण घातलं. पुढं मी खोपोलीला कारखान्यात लागलो, पोरं झाली, शेती केली. दादाशी एक शब्द बोललो नाही. समोर आला तर थुंकायचो, खोटं कशाला सांगू. तो मान खाली घालून जायचा, आणि ते बघून माझी खात्रीच पटायची, की चोर आहे म्हणून मान खाली आहे.

भोंगा तेवढा राहिला. येसूनं तो मागून घेतला आणि ओटीच्या खांबाला ठोकून घेतला. शेतावर असलो की दुपारी एकदा दाबायची. तो फुगा पुढं किती वेळा बदलला, हल्ली रिक्षावाल्यांचा मिळतो तो बसतो, पण पितळ तेच. गावात लोक म्हणायचे, गणपतची बायको भोंगा वाजवून नवऱ्याला जेवायला बोलावते. मला बरं वाटायचं. वाटायचं, माझ्या मोटारीची आठवण जपणारी हीच एक आहे.

सासुरवाडीला गेलो की सासऱ्याच्या मळ्यात विहिरीवर इंजिनाचा पंप चालू असायचा. एका खोपटात कोंडलेलं इंजिन, पट्ट्यावर पंप. आधी खोकायचं, मग फटफट लागून राहायचं. मी एकदा म्हणालो, आवाज ओळखीचा वाटतो, बघू तरी. सासरा म्हणाला, "आत जाऊ नका जावईबापू, साप हाय." मेहुणा म्हणाला, साप हाय. येसूपण म्हणाली, "अवो, साप हाय तिथं." दर वर्षी साप. मी त्या पंपाचं पाणी ओंजळीनं प्यालोय.

पाच-सहा वर्षांपूर्वी दादा गेला. कुंपणापलीकडे रडारड ऐकू आली. येसू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "जा. खांदा द्या. भाऊ हाय तुमचा." मी म्हणालो, "भाऊ नाय, चोर हाय." तिनं माझ्या पायांना हात लावला. "पाया पडते, जा." मी गेलो नाही. ज्यानं मला ओढ्यातनं खांदा देऊन बाहेर काढलं त्याला मी खांदा दिला नाही. येसू तोंडात पदर कोंबून आत गेली. त्या दिवशी भोंगा वाजला नाही, मी जेवलो नाही, आणि तिला दुःख माझ्या हट्टाचं झालंय असंच मी समजून चाललो.

आता कळलेलं सांगतो. येसूचं तेरावं झालं, मुलगा-सून परत गेली, तेव्हापासून वैनी मला भाकरी आणून देते. दादाची बायको. ती ह्या घरात आली तेव्हा मी चड्डीत होतो, म्हणून मला अरे-तुरेच करते. काठी टेकत येते, ओटीवर बसते, मी जेवीपर्यंत थांबते. एका संध्याकाळी माझ्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं, की बघ वैनी, शेवटी चोराच्या घरचीच भाकरी नशिबात आली.

तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "गनू, आता त्यांना चोर म्हनायचं नाय. लय ऐकलं. आता आन सुटली माझी."

"कसली आन?"

"येशीच्या गळ्याची."

आमच्याकडे गळ्याची आन घातली की ती मोडता येत नाही. मोडली तर ज्याच्या गळ्याची घातली, तो मरतो, असं म्हणतात. ज्यानं घातली त्यानंच तोंडानं 'सुटली' म्हणायचं, नाहीतर त्याच्या मरणानंच ती सुटते. दादा हे मानणारा माणूस होता. वैनीपण.

वैनी म्हणाली, मी पनवेलला गेलो त्याच दिवशी येसूनं बापाला निरोप धाडला, गाडी घेऊन जा म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस आला. "त्यो डायवर हँडल मारून मारून दमला. गाडी काय चालू व्हईना. मंग ही आली. पदर खोचला आनि दुसऱ्या दमाला चालू केली."

मी म्हणालो, "वैनी, खोटं बोलू नको. तुला कुनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? मी दारात व्हते ना. फटफट ऐकून हे शेतातनं वैरन टाकून धावले, गनू आला म्हनून." मग तिनं काठी मांडीवर आडवी घेतली, मूठ केली आणि मला दाखवली. "असं धरलं व्हतं बघ तिनं. अंगठा असा बाहेर, बोटांच्या अंगाला. मी म्हनलं, ही असं काय धरते?"

ह्या बाईनं आयुष्यात मोटारीला हात लावलेला नाही. तो अंगठा तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

दादा गाडीच्या आडवा उभा राहिला होता, वैनी म्हणाली. "म्हनले, गनूची गाडी मी जाऊ देनार नाय. तवा ही त्यांच्या पायावर पडली. म्हनली, दादा, गाडी ऱ्हायली तर ते लढाईत जातील. परत नाय यायचे. आनि गाडी मी घालवली कळलं तर रागानं पायी जातील. माझ्या गळ्याची आन हाय, बोलू नका. मलाबी घातली. हे म्हनले, गनूला काय सांगू? ही म्हनली, काय बी सांगू नका."

"आनि तो बैल?"

"माझ्या पाटल्या मोडून आनला व्हता. आदल्याच बाजारी सौदा झालेला. त्यांना काय ठावं, तू दोन आनि दोन असे जोडशील."

मी जोडले. पन्नास वर्षं तेच जोडत बसलो. बैल कुठनं आला, दादा काय म्हणाला होता, मान खाली का घालतो, सगळं जोडलं. पण गाडी चालू कुणी केली, हा प्रश्न मला एकदासुद्धा पडला नाही. गावात ते दोघांनाच जमत होतं, आणि दुसरीला शिकवणारा मीच.

मी वैनीला विचारलं, लढाई संपली तेव्हा का नाही सांगितलं तिनं? सुटली म्हणायला काय जात होतं? वैनीनं काठी परत भुईला टेकवली. म्हणाली, "आदी तू जाशील म्हनून भ्याली. मंग हाकलून देशील म्हनून. मंग पोरं झाली. मंग... सवय झाली असंल. हे गेले तवा मी तिला म्हनलं, येशे, आता तरी सोड. ती म्हनली, आता सांगितलं तर ते जगायचे नाय, वैनी."

मी जगलो नसतो म्हणे. म्हणजे माझं जगणं-मरणं तिनंच ठरवलं, दोन्ही वेळा, मला न विचारता. विचारलं असतं तर मी थांबलो असतो का? नसतो. गेलो असतो, आणि कदाचित कुठल्या तरी मुलखात मेलो असतो. हे मला कळतं. पहिल्या वेळेचं मी समजू शकतो, पंधरा वर्षांची पोर होती, घाबरली. त्याचा मला राग नाही. पण पुढं रोज सकाळी एक दिवस होता. रोज माझ्यासमोर ताट वाढत होती. मी दादाला शिव्या देत जेवायचो आणि ती म्हणायची, आमटी घेता का? एक शब्द, 'सुटली', एवढाच म्हणायचा होता तिला. दादा मेल्यावर माझ्या पायाला हात लावला, तोंडानं तो शब्द नाही काढला. आणि तो बिचारा तिच्या गळ्यासाठी माझी थुंकी झेलत राहिला. दोघांनी मिळून मला सांभाळलं म्हणायचं की दोघांनी मिळून फसवलं? मला तरी फसवल्यासारखंच वाटतं. सगळ्यांना माहीत होतं. सासऱ्याला, मेहुण्याला, वैनीला, त्या खोपटातल्या सापालासुद्धा. मला सोडून सगळ्यांना.

येसूला मी माफ केलेलं नाही. हे तिच्या फोटोला हार घालतानासुद्धा सांगतो. आणि दुपार झाली की कान ओटीकडे लागतात, तेही सांगतो. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू.

वैनीनं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, तोंड धुतलं आणि ओटीवर गेलो. भोंग्याला ती गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. पितळेवर हिरवट थर चढला होता. धोतराच्या सोग्यानं पुसलं. एकदा दाबायचा नव्हता. एकदा म्हणजे जेवण, ते तिचं. मी दोनदा दाबला. फुगा कडक झालाय, बेडकासारखा आवाज आला. कुंपणापलीकडे कुत्रं भुंकलं. मग वैनीचं मागचं दार उघडलं.

"कोनाला बोलावतोस रं, गनू?"

मी परत दोनदा दाबला.

ती तशीच उभी राहिली, भोंग्याकडे बघत. मग पदर खोचला, काठी घेतली, आणि कुंपणात एक फट आहे, जिथनं त्या दोघी जावा इतकी वर्षं मीठ-मिरची देत-घेत आल्या, त्या फटीकडे हळूहळू चालायला लागली.

"आले रं," म्हणाली, "आले."